माशांच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच कमी करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांकडून येणारे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: ‘पीएच जास्त आलाय, काय घालू?’ बऱ्याचदा खरं उत्तर ‘काहीच घालू नका, आधी केएच (आम्लाला अडवणारं पाण्यातलं बायकार्बोनेट, प्र. ४) मोजा’ असं असतं, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून ही सविस्तर उत्तरं. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीएच म्हणजे नेमकं काय? ७.८ आणि ६.८ यात एवढा काय फरक पडतो?

पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं हे माप. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लाकडे, त्यावर अल्काकडे. मेख अशी की ही पट्टी साध्या फुटपट्टीसारखी नाही. एक आकडा खाली गेला की आम्लता दहापट होते, दोन गेले की शंभरपट. त्यामुळे ७.८ वरून ६.८ वर येणं म्हणजे ‘जरासं कमी करणं’ नव्हे. हे माप १९०९ मध्ये सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलं. ती प्रयोगशाळा मूळची बिअर बनवणाऱ्यांची. मासे पाळणाऱ्यांच्या डोक्याला हा ताप पुढे कधीतरी लागला.

२. माझ्या माशांना किती पीएच लागतो?

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना ७ च्या वरचं, क्षारयुक्त पाणी मानवतं. गोल्डफिश ७ ते ८ मध्ये खुशाल राहतो. फायटर, एंजल, बार्ब आणि बहुतेक टेट्रा ६.५ ते ७.५ मध्ये मजेत असतात. मलावी आणि टांगानिका या आफ्रिकी सरोवरांतल्या सिक्लिडना ८ च्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतो. त्यांच्या टाकीचा पीएच कमी करायला निघाला असाल तर इथेच थांबा.

आम्लधर्मी पाणी खरोखर हवं असतं ते थोड्यांना: नदीतून पकडून आणलेले डिस्कस, कार्डिनल टेट्रा, चॉकलेट गोरामी, काही बटू सिक्लिड. कार्डिनल ज्या रिओ निग्रोच्या पाण्यात सापडतो, तिथे पीएच ४ ते ५ च्या घरात असतो. पण टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले डिस्कस ७.५ पर्यंतही चांगले जगतात. मासा कोणत्या जातीचा यापेक्षा तो कोणत्या पाण्यात वाढला, हे विचारून घेणं जास्त कामाचं.

३. पीएच ७.८ आहे, पण मासे ठणठणीत आहेत, खातात-पितात. तरी कमी करू का?

नको.

४. केएच आणि जीएच म्हणजे काय? मला तर फक्त पीएच कमी करायचा आहे.

सगळं गाडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर.

जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केएच म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. पाण्यात आम्ल पडलं की हे बायकार्बोनेट त्याला गिळून टाकतं आणि पीएच फारसा हलत नाही. केएच जितका जास्त, तितकं पाणी हट्टी.

केएचचं किट वापरायला सोपं आहे. ५ मिली पाणी नळीत घ्यायचं आणि एकेक थेंब टाकत हलवत राहायचं. पाणी आधी निळं होतं आणि मग एका थेंबाला एकदम पिवळं पडतं. बहुतेक किटमध्ये जितके थेंब लागले तितके अंश केएच; तुमच्या किटच्या कागदावर एकदा खात्री करा. १ अंश म्हणजे सुमारे १७.९ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग).

आता केएच आणि पीएच यांचं नातं पाहा. हवेशी खेळतं राहिलेल्या टाकीत साधारण ३ पीपीएम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला धरला, तर केएच ८ असताना पीएच ७.९ च्या आसपास बसतो. केएच ४ ला ७.६, २ ला ७.३ आणि १ ला ७. म्हणजे केएच निम्मा केला की पीएच जेमतेम ०.३ ने उतरतो. ‘अर्धं पाणी आरओचं (शुद्धीकरण यंत्रातलं, केएच जवळपास शून्य असलेलं) घातलं तरी पीएच तसाच’ ही तक्रार नेहमी येते, तिचं कारण हे. उपाय फसलेला नसतो, गणितच तसं आहे. ७ च्या खाली जायचं असेल तर केएच १-२ वर आणावा लागतो, आणि पुढचं काम पाना-लाकडातल्या आम्लांवर (प्र. १२) किंवा जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडवर (प्र. १४) सोपवावं लागतं.

५. किटवर ७.६ येतं. ते खरं मानू का?

साध्या द्रव किटची पट्टी बहुधा ६.० ते ७.६ एवढीच असते. ७.६ च्या पुढे पाणी कितीही गेलं तरी रंग तोच गडद निळा. त्यामुळे तुमचं ‘७.६’ प्रत्यक्षात ८.२ असू शकतं. खालच्या टोकाचंही तसंच: पिवळा रंग म्हणजे ६ किंवा त्याहून कितीही कमी. वरच्या पट्टीचं वेगळं किट मिळतं, ते एकदा वापरून पाहा.

डिजिटल मीटर घेतलात तर तो पीएच ७ आणि ४ वर पक्क्या ठरलेल्या बफर द्रावणांत नियमित जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याचं टोक स्टोरेज द्रावणात ओलं ठेवावं लागतं. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवलं तर ते खराब होतं. न जुळवलेला मीटर दोन दशांश स्थळांपर्यंत अगदी आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतो.

६. नळाचं पाणी मोजलं तर ७.२, टाकीत मात्र ८. टाकीत असं काय होतं?

दोन शक्यता आहेत. पाइपातून किंवा बोअरमधून नुकत्याच आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असू शकतो. तो असेपर्यंत पीएच कमी दिसतो. एका भांड्यात पाणी घेऊन २४ तास उघडं ठेवा, शक्य असेल तर त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) सोडा, आणि पुन्हा मोजा. जो आकडा येईल तोच तुमच्या पाण्याचा खरा पीएच. तो ८ आला तर टाकीचा काही दोष नाही.

भांड्यातलं पाणी ७.२ वरच राहिलं, तर टाकीतलं काहीतरी पीएच चढवतं आहे. प्र. ७ पाहा.

७. टाकीतल्या दगड-वाळूमुळे पीएच वाढतो का? ओळखायचं कसं?

वाढतो. चुनखडी, संगमरवराचे तुकडे, प्रवाळ, शंख-शिंपले, शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू हे सगळं हळूहळू विरघळतं आणि केएच वाढवत राहतं. दगड कोरडा करून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. बुडबुडे दिसले किंवा बारीक चरचर ऐकू आली तर तो दगड बाहेर. डोलोमाइटसारखे काही दगड व्हिनेगरला दाद देत नाहीत, म्हणून शंका असेल तर दगड आठवडाभर बादलीभर आरओच्या पाण्यात ठेवून आधीचा-नंतरचा केएच मोजा. ही चाचणी खोटं बोलत नाही.

सिमेंटची नवी टाकी हा याच घराण्यातला मोठा भाऊ. कोऱ्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच ९ च्याही वर जातो. पाणी भरून, काही दिवस ठेवून, ओतून देऊन, पुन्हा भरून असं वाचन स्थिर होईपर्यंत करत राहावं लागतं. मासे त्यानंतरच.

८. पीएच कमी करणारे थेंब टाकले. संध्याकाळी ६.८ होता, सकाळी पुन्हा ७.८. बाटली बनावट आहे का?

बाटली ठीक असते. आम्ल पडलं की बायकार्बोनेटचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होतं. तो पाण्यात आहे तोवर पीएच खाली दिसतो. रात्रभर फिल्टर आणि एअर पंप चालले की तो उडून जातो आणि पीएच जागेवर येतो. जवळजवळ जागेवर. कारण दर खेपेला थोडा केएच कायमचा खर्ची पडलेला असतो.

हे ‘जवळजवळ’ मला महागात पडलं. माझी पहिली टाकी ६० लिटरची होती, त्यात डझनभर निऑन. रोज संध्याकाळी मोजायचो, थेंब टाकायचो, सकाळी पुन्हा तोच निळा रंग. आठवड्याभराने एका संध्याकाळी नेहमीइतकेच थेंब टाकले, आणि नळीतलं पाणी हिरवट व्हायच्या ऐवजी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. केएच संपला होता; आम्लाला गिळणारं पाण्यात काही उरलंच नव्हतं. सकाळपर्यंत तीन निऑन वाचले.

शिवाय यातली काही द्रावणं फॉस्फोरिक आम्लाची असतात. त्यातलं फॉस्फेट टाकीत साठतं आणि शेवाळाची चंगळ होते.

९. लिंबू पिळलं तर? व्हिनेगर? तुरटी?

लिंबू आणि व्हिनेगर ही सेंद्रिय आम्लं आहेत. जिवाणू ती खातात, त्यांची संख्या भराभर वाढते, पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. आम्ल खाऊन संपलं की पीएच परत वर. म्हणजे त्रास झाला तो झालाच, हाती काही नाही.

तुरटी त्याहून वाईट. ती केएच खाते हे खरं, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम आम्लधर्मी पाण्यात विरघळून माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. गढूळ पाणी निवळायला तुरटी चालते म्हणून माशांनाही चालेल, असं समजू नका.

१०. मग टिकणारा उपाय कोणता?

कमी केएचचं पाणी मिसळणं. म्हणजे आरओचं पाणी नेहमीच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात घालणं, आणि तेही पाणी बदलण्याच्या निमित्ताने, सावकाश.

१०० लिटरची टाकी घ्या, केएच ८. दर आठवड्याला २५ लिटर पाणी काढायचं. बदली पाण्यात १९ लिटर आरओ आणि ६ लिटर नेहमीचं, म्हणजे त्याचा केएच जवळपास २. पहिल्या आठवड्यानंतर टाकीचा केएच ६.५, दुसऱ्यानंतर ५.४, तिसऱ्यानंतर ४.५, चौथ्यानंतर ३.९. महिना जातो, पण एकाही माशाला दखल घ्यावी लागत नाही. पुढे हेच मिश्रण चालू ठेवलं की केएच २ कडे सरकत जाऊन तिथेच ठरतो. मिश्रण बाहेर बादलीत करा, तापमान जुळवा, नेहमीच्या पाण्यातलं क्लोरीन काढा आणि मगच ओता.

निव्वळ आरओचं पाणी भरू नका. त्यात केएच जवळपास शून्य, कॅल्शियम-मॅग्नेशियमही नाही. अशा पाण्याचा पीएच कशानेही कुठेही जातो, आणि माशांनाही क्षार लागतातच. पूर्ण आरओवर टाकी चालवायची असेल तर माशांसाठी मिळणारे जीएच-केएचचे क्षार मोजून घाला.

११. आरओ नाही. पावसाचं पाणी, उकळलेलं पाणी किंवा सॉफ्टनरचं पाणी चालेल का?

पावसाचं पाणी छान मऊ असतं आणि आरओसारखंच वापरता येतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, कारण हवेतली आणि छपरावरची घाण त्यात उतरते. पत्र्यावरून किंवा नव्या सिमेंटवरून आलेलं घेऊ नका.

उकळल्याने केएचचा काही भाग पांढऱ्या थरासारखा भांड्याच्या तळाशी बसतो. गार झाल्यावर वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं. छोट्या टाकीला ठीक. शंभर लिटरसाठी हा उद्योग एकदाच करून पाहिला जातो.

सॉफ्टनरचा उपयोग नाही. घरगुती सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो. जीएच पडतो, केएच आणि पीएच आहेत तिथेच राहतात. नावात ‘सॉफ्ट’ असल्यामुळे फसगत होते.

१२. बदामाची पानं, ड्रिफ्टवूड (टाकीत ठेवायचं वाळकं लाकूड), पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) यांनी पीएच उतरतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, पण प्र. ४ मधली अट लागू. केएच ८ असलेल्या पाण्यात पानांची टोपली रिकामी केली तरी पाणी रंगेल, पीएच ढिम्म हलणार नाही. केएच १-२ असेल तर पाना-लाकडातून सुटणारी टॅनिन आणि ह्युमिक आम्लं पीएच ७ च्या खाली घेऊन जातात.

पानं देशी बदामाची, म्हणजे मोठ्या रुंद पानांच्या झाडाची. खायच्या बदामाचं झाड वेगळं. झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली, औषध फवारणी नसलेली पानं घ्या. ३०-४० लिटरला एक मध्यम पान इथून सुरुवात करा. दोन दिवस तरंगतं, मग बुडतं, काही आठवड्यांत त्याची नुसती जाळी उरते. श्रिंप ती जाळीही कुरतडतात.

ड्रिफ्टवूड उकळून घेतलं की रंग कमी सुटतो आणि ते लवकर बुडतं. पीट वापरायचं तर खत न मिसळलेलं. जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा. माझी पसंती वेगळ्या बादलीला: पीट आठवडाभर बादलीत भिजवायचं, ते पाणी मोजायचं आणि पाणी बदलताना वापरायचं. टाकीत काय जातंय ते आधी कळतं.

पाणी चहासारखं झालं म्हणून घाबरून फोटो पाठवणारे पुष्कळ आहेत. माशांना त्याचा त्रास नाही. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, मात्र कार्बन टॅनिनही ओढून घेतो.

१३. ॲक्वासॉइल (टाकीच्या तळाला घालायची खास माती) टाकल्यावर पीएच आपोआप ६.५ वर येतो ना?

येतो, जोवर तिची ताकद आहे तोवर. ही माती पाण्यातला केएच शोषून घेते. केएच जास्त असलेलं पाणी दर आठवड्याला ओतत राहिलात तर काही महिन्यांत ती थकते आणि नुसती काळी खडी उरते. कमी केएचचं पाणी दिलं तर जास्त काळ टिकते. बऱ्याच मातींतून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो, तेव्हा चाचणीत अमोनिया शून्य येईपर्यंत मासे सोडू नका.

१४. रोपांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लावला आहे. पीएच दिवसाला एवढा खालीवर होतो, माशांना चालतं का?

बहुधा चालतं. कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच हलतो तेव्हा पाण्यातले क्षार तेवढेच राहतात, म्हणून अर्धा ते एक आकड्याचा रोजचा झोका मासे सोसतात. सीओटू नसलेल्या हिरव्यागार टाकीतही रोपं दिवसा कार्बन डायऑक्साइड खातात, त्यामुळे दिवे लागण्याआधी पीएच सर्वांत कमी आणि विझण्याआधी सर्वांत जास्त असतो. मोजायची वेळ रोज एकच ठेवा, नाहीतर नसलेला प्रश्न सोडवत बसाल.

केएच ४ आणि पीएच ६.६ म्हणजे सुमारे ३० पीपीएम कार्बन डायऑक्साइड. रोपांसाठी हे भरपूर. केएच आणि पीएचवरून कार्बन डायऑक्साइड काढायचं हे कोष्टक टॅनिन किंवा फॉस्फेट असलेल्या पाण्यात चुकतं. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर कोष्टक बाजूला ठेवा, सीओटू बंद करा, हवा सुरू करा. निव्वळ पीएच कमी करायला म्हणून सीओटू लावू नये.

१५. एका दिवसात किती कमी केलेलं चालतं?

०.२ ते ०.३. आरओ मिसळताना टीडीएसही (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) घसरतो, आणि अचानक झालेला हा बदल माशाला पीएचपेक्षा जास्त बाधतो. नवा मासा वेगळ्या पाण्यातून आणला असेल तर बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडत तासभर सवय करू द्या.

१६. गप्पी आणि टेट्रा एकाच टाकीत आहेत. कुणाचं ऐकू?

पीएच ७ ते ७.५ आणि केएच ४ च्या आसपास ठेवा, दोघांचं भागतं. मॉली असतील तर त्यांचं ऐका. मऊ, आम्लधर्मी पाण्यात मॉली पंख आवळून घेते आणि जागच्या जागी डुलत राहते. ते दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही.

१७. गोगलगायी आणि श्रिंप आहेत. पीएच कमी केला तर?

पीएच ७ च्या खाली आणि कॅल्शियमही कमी, अशा पाण्यात गोगलगायीचा शंख टोकापासून पांढरा पडून झिजतो, त्याला खड्डे पडतात. चेरी श्रिंपला पीएच कमी करायची गरज नाही. क्रिस्टल रेडला ६ ते ६.५ चं मऊ पाणी हवं असतं, पण जीएच मात्र राखावा लागतो, नाहीतर कात टाकताना त्या मरतात.

१८. टेट्रा अंडी देतात, पण पिल्लं निघत नाहीत. पीएचमुळे का?

अंड्यांना पीएचपेक्षा कठीण पाण्याचा जास्त त्रास होतो. निऑन-कार्डिनलसाठी वेगळी छोटी टाकी घ्या: केएच जवळपास शून्य, पीएच ५.५ ते ६.५, आणि अंधार, कारण ही अंडी उजेडाने खराब होतात. हे पाणी केवळ अंड्यांसाठी. मोठ्या माशांना त्यात कायमचं ठेवायची गरज नाही.

१९. पीएच ६ च्या खाली गेला तर फिल्टर बंद पडतो म्हणतात. म्हणजे काय?

मोटर चालूच असते, जिवाणू मंदावतात. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग ६.५ च्या खाली घसरतो आणि ६ च्या आसपास जवळपास थांबतो. तोवर ते काम करताना केएच खात असतात. म्हणजे पाणी न बदललेली टाकी आपणहून आम्लधर्मी होत जाते.

अशा पाण्यात अमोनिया साठतो, पण तो बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात असतो, म्हणून मासे लगेच मरत नाहीत. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला सुमारे अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर.

२०. वर्षभर टाकीकडे दुर्लक्ष झालं. पीएच ६ च्या खाली आहे, मासे जिवंत आहेत. आज अर्धं पाणी बदलून टाकू ना?

थांबा. प्र. १९ मधलं गणित इथे उलटं फिरतं. साठलेल्या अमोनियममध्ये पीएच ८ चं ताजं पाणी ओतलंत की त्याचं तासाभरात विष होतं. ‘स्वच्छ पाणी घातलं आणि मासे मेले’ ही तक्रार अशीच जन्माला येते.

आधी अमोनिया मोजा. शून्याच्या वर असेल तर अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण घाला आणि रोज दहा टक्केच पाणी बदला. खाणं एक दिवसाआड, तेही चिमूटभर. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. अमोनिया शून्यावर आल्यानंतरच केएच उचला: ५० लिटरला ६ ग्रॅम खायचा सोडा घातला तर केएच सुमारे ४ ने वाढतो, पण हे ६ ग्रॅम चार-पाच दिवसांत विभागून द्या, दर वेळी आधी कपभर पाण्यात विरघळवून, फिल्टरच्या धारेत.

सोडा घालायला लागल्यापासून आठवड्याभरात पीएच ७ च्या वर येतो. मग हवं तर प्र. १० पासून सुरुवात करा.